खटका वर करावा

फोन आला तेव्हा रंगनाथ बुधवार पेठेत एका इलेक्ट्रिकच्या दुकानात वायर मोजून घेत होता. मे महिना, दुपारचे पावणेदोन. दुकानदार पट्टीवर वायर ताणत होता आणि फोनवर मांजरी गावचा रामदास बोलत होता.

"काका, कुठं हाय तुम्ही? काकू उठंनात. दार वाजवलं, मग उघडलंच. आत नुसती भट्टी हाय. लाइट गेलीया का काय."

"आलो," रंगनाथ म्हणाला.

"किती कापू?" दुकानदाराने विचारलं.

रंगनाथला त्या क्षणी बायको, आनंदी, आठवली नाही. खटका आठवला.

नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत चाळीस वर्षं काढल्यावर दोघांनी एकच चैन केली होती. मोटारीच्या मागे जोडायचा एक छोटा ट्रेलर घेतला. आत दोन माणसांची गादी, एक फळी, दोन खिडक्या आणि छपरावर एसी. आनंदी त्याला डबा म्हणायची. पेठेत सायकल लावायला जागा नाही, तिथे डबा कुठे लावणार? म्हणून तो मांजरीत उसाच्या कडेला, त्यांच्या दोन गुंठ्यांवर उभा असे. उन्हाळ्यात दोघं तिथे जाऊन राहत. तिला उकाडा सोसत नसे.

लाइन शेजारच्या रामदासच्या मळ्यातून ओढलेली, बारीक. तिच्यावर एसी आणि चहाची विजेची किटली एकदम चालत नसत. कारखान्यात एकतीस वर्षं विजेचं काम केलेल्या रंगनाथने त्यावर साधा उपाय केला. बाहेर खांबाला एकच खटका बसवला. वर केला की एसी, खाली केला की किटली. आनंदी शाळेत मराठी शिकवायची. तिने त्याच्यावर पाटी चिकटवली होती : 'चहा झाला की खटका वर करावा. विसरणाऱ्याचा जाहीर अपमान करण्यात येईल.'

त्या दिवशी जेवून आनंदी आत झोपली. साडेअकराला रंगनाथने बाहेर चहा केला. पिताना त्याला वाटलं, जाड वायर आणली तर ही भानगडच मिटेल. कप विसळला, मोटार काढली आणि गेला.

परत आला तेव्हा डब्याभोवती सातआठ माणसं होती. तो आधी खांबाकडे गेला. खटका खाली होता. त्याने तो वर केला. छपरावर एसी घुरघुरला.

रामदासने वळून पाहिलं. "आत्ता आली वाटतं लाइट."

"हो," रंगनाथ म्हणाला.

डॉक्टरांना त्याने विचारलं, उकाड्याने झालं का? ते म्हणाले, वय, साखर, हृदय, नक्की सांगता येत नाही. झोपेतच गेल्या, असं समजा. मुलगी तनया बंगळूरहून आली. लाइट गेली नसती तर आई वाचली असती, असं ती तेरा दिवस येईल त्याला सांगत होती. रंगनाथ सतरंजीकडे बघत बसून असे.

पंधराव्या दिवशी तो मांजरीला गेला. मेन स्विच त्यानेच बंद करून ठेवला होता. एसीच्या नळीखाली आनंदीची निळी बादली असे. नळीतून ठिबकलेलं पाणी ती मोगऱ्याला घालायची. बादली काठोकाठ भरून मोगऱ्याच्या मुळाशी सांडली होती.

पाऊस नव्हता. त्याने रामदासला हाक मारली.

"बादली तू भरलीस का रे?"

"मी कशाला भरू? आणि मोगऱ्याला काय घातलंत काका? जळून चाललाय त्यो."

मोगऱ्याची पानं कडेने करपली होती, मातीवर पांढरट पापुद्रा आला होता. रंगनाथने बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं. पाणी कोमट होतं आणि खारट. बोअरचं असेल म्हणून त्याने रामदासच्या बोअरचं पाणी पिऊन पाहिलं. ते गोड होतं.

एसीतलं पाणी कुठून येतं, हे आनंदीला त्यानेच समजावलं होतं. आपला श्वास, आपला घाम, हवेतली ओल, सगळं गार नळीवर जमतं आणि बाहेर येतं. "म्हणजे मी मोगऱ्याला माझा घाम घालते?" ती म्हणाली होती. "आणि तुम्ही त्याची फुलं देवाला वाहता. छान!" पण ते पाणी गार असतं, त्याला चव नसते, आणि एसी चालल्याशिवाय ते येत नाही.

त्याने बादली ओतून कोरडी पुसली. शिडी लावून एसीचं झाकण उघडलं. आत धूळ होती, ओल नव्हती. झाकण लावून तो खाली उतरला तोवर नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता.

तो पडला. मग दुसरा.

त्याने घड्याळ लावलं. मिनिटाला अकरा थेंब. डब्याचं दार उघडलं तर आत घाम आणि पावडर असा वास होता. तिच्या बाजूची उशी त्याने चाचपली नाही. बाहेर आला, मेन चालू केला, खटका वर केला. एसी सुरू झाला.

थेंब थांबले.

तास झाला, दोन झाले. उलटं होत होतं. एसी चालू असताना नळी कोरडी, बंद केला की पाणी. त्याने चार दिवस चार वेळा तपासून पाहिलं. पाचव्या दिवसापासून त्याने खटका खाली करणं सोडून दिलं. चहाही सोडला. रोज सकाळी पेठेतून निघायचा, संध्याकाळपर्यंत खांबापाशी खुर्ची टाकून बसायचा. लाइट गेली की उठून उभा राहायचा आणि येईपर्यंत उभाच असायचा. नळीकडे बघायचं नाही असं ठरवायचा, पण आवाज यायचाच.

"काका, आत माणूस न्हाई न् काय न्हाई, एसी कुणासाठी?" रामदासने एकदा विचारलं.

"गादीला कुबट वास येतो," रंगनाथ म्हणाला.

जूनच्या पहिल्या रविवारी तनया आली. तिच्या ऑफिसातल्या धम्मदीपला ट्रेलर विकत हवा होता. तिला कागद न्यायचे होते.

"बाबा, किती वाळलात! चहा तरी घेता का इथे? थांबा, मी टाकते."

तिने खटक्याला हात लावला. रंगनाथ खुर्चीतून इतक्या झटक्याने उठला की खुर्ची पडली.

"नको. राहू दे."

"अहो, चहाच करतेय." मग तिचं लक्ष पाटीकडे गेलं. वाचून ती हसली आणि हसता हसता रडली. डोळे पुसून तिने ती पुन्हा वाचली. या वेळी हळू वाचली.

"बाबा."

"काय?"

"आत्ता येताना कौशल्याकाकू भेटल्या. रामदासकाकांच्या मिसेस. त्या म्हणाल्या, त्या दिवशी त्यांची उसाची मोटर दोन वाजेपर्यंत चालू होती. लाइट गेलीच नव्हती."

रंगनाथने खुर्ची उचलली. नीट ठेवली.

"लाइन एकच आहे ना?" तनयाने विचारलं.

"एकच."

"मग?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती. एवढी सोपी वेळ पुन्हा येणार नाही, हे त्याला कळत होतं. छपरावर एसी एकसुरी चालला होता. नळी कोरडी होती.

"फ्यूज गेला असेल," तो म्हणाला. "मी आल्यावर बसवला."

तनयाने मान हलवली. तिला विश्वास ठेवायचा होता, तो तिने ठेवला.

टप.

रंगनाथने खटक्याकडे पाहिलं. वर होता.

टप. टप.

एसी चालू होता.

थेंबांची धार झाली. बादलीच्या तळावर आधी आवाज आला, मग येईनासा झाला.

"केवढं पाणी येतंय," तनया म्हणाली. ती उन्हातून आलेली होती. खाली वाकून तिने रुमाल बादलीत भिजवला आणि रंगनाथ नको म्हणेपर्यंत तोंडावरून फिरवला.

मग थांबली. ओठांवरून जीभ फिरवली.

"बाबा, हे खारट आहे."

"तुझाच घाम असेल," रंगनाथ म्हणाला.

तिने रुमाल नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. "आईची पावडर," ती म्हणाली, आणि तो ओला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवून गेली.

डबा त्याने विकलेला नाही. खटका वर आहे, एसी रात्रंदिवस चालू असतो. बादली दिवसातून तीनदा ओतावी लागते. तनया रोज सकाळी फोन करते, चहा घेतला का विचारते. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.