डुरियनचा कडवटपणा

वेंगुर्ल्याजवळच्या फळसंशोधन केंद्रात चहाच्या वेळी कुणी फळ कापत नसे. स्वादपट्ट्यांची डबी फिरे. पट्टी जिभेवर ठेवली की विजेची सूक्ष्म स्पंदने आणि गंधकण यांच्या जोडीने, मुद्रित केलेले फळ तोंडात जागे होई. हे मुद्रण केंद्राच्या स्वादतज्ज्ञ प्रमदा केरकरांच्या जिभेवरून होत असे. बावीस वर्षांत त्यांनी एकशे बारा परदेशी फळे चाखली होती. ताजी फळे दुर्मीळ झाली होती, आणि चव मुद्रित झाली की पाणीबचतीच्या नियमाने त्या फळाची बाग मोडली जाई. आज पट्टी फणसासारख्या, उग्र वासाच्या डुरियनची होती, आणि तोडीची पाळीही त्याच्याच अकरा झाडांची.

बागेचे राखणदार नाना आरोलकर नवी पट्टी जिभेवर घोळवत म्हणाले, "बाय, ह्यो डुरियन न्हय."

"कित्या? वास येणा नाय?" प्रमदाताईंनी विचारले.

"वास आसा गो. पण ह्येचो कडूपणा खय गेलो? ह्यो नुसतो साखरेतलो फणस!"

प्रमदाताई हसल्या, पण बागेत गेल्याच. झाडाखाली पिकून पडलेले काटेरी फळ नानांनी कोयत्याने उकलले. ताईंचा हात सवयीने कमरेच्या मिठाच्या डबीकडे गेला. अनोळखी फळाआधी जिभेवर मिठाचा खडा ठेवायचा, ही त्यांच्या आईची शिकवण; प्रत्येक मुद्रणाआधीही त्या तेच करीत.

हात तिथेच थबकला.

मीठ कडवटपणा दाबते, हे त्या दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत. स्वतःच्या सवयीला मात्र त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नव्हता. त्यांनी चूळ भरली आणि नुसता गर तोंडात घातला. आधी दाट साय, मग परतलेल्या कांद्याची ऊब, आणि सर्वांत शेवटी, कढईच्या तळाशी किंचित लागलेल्या गुळासारखा खोल, एकाकी कडवटपणा. त्यांचे डोळे भरून आले. एकशे बारा फळांमधून त्यांनी हा शेवटचा स्वर पुसून टाकला होता, आणि त्यांतल्या कित्येकांची झाडे आता कुठेच नव्हती.

पलीकडे करवत सुरू झाली. ताई चालत जाऊन खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ताई, बाजूला व्हा," केंद्राचे तरुण संचालक अद्वैत सामंत धावत आले. "चवीची नोंद झाली आहे."

"नोंद चुकीची आहे. हीच नव्हे, माझी प्रत्येक नोंद."

ताईंनी मिठाची गोष्ट सांगितली. सामंतांचा चेहरा उतरला. "हे जाहीर केलंत तर तुमची बावीस वर्षं पुसली जातील."

"पुसू देत. आज संध्याकाळच्या आत लेखी देते. ही अकरा झाडं उभी राहिली पाहिजेत, आणि जगात कुठेही उरलेलं प्रत्येक फळ मी पुन्हा चाखणार."

"आणि माका न इचारता मीठ घेतलंस तर कोयतो आसा," नाना पुटपुटले.

ताईंनी गराचा तुकडा सामंतांपुढे धरला. त्यांनी तो चाखला आणि लगेच थुंकला.

"नासलंय हे!"

"नाही. असंच असतं."

सामंत शाळेपासून पट्ट्यांवरच वाढले होते. ते गोंधळून, एखाद्या लहान मुलासारखे विचारते झाले, "फळ कधी कडू असतं का?"

करवत थांबली होती. ताईंनी दुसरा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. ताईंचा निश्चय तसूभरही हलला नव्हता. पण खरी चव परत आणल्यावर, ती ओळखणारी जीभ कुठून आणायची?