पट्टीचा दुसरा ठोका

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्याच घरात, माझ्याच कानांनी ऐकलेली. पटली नाही तर सोडून द्या, पण रंगवून सांगते असं म्हणू नका.

तारीख चोवीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. दुपारचे तीन वाजले होते.

बर्लिनमधला वेडिंग नावाचा भाग. अंगणामागची इमारत, तिसरा मजला. एकवीस वर्षं मी याच घरात राहते.

त्यातली वीस नवऱ्याबरोबर, हेनिंगबरोबर.

तो रविवार इथे मृतांचा रविवार म्हणून पाळतात. सकाळी माणसं कबरींवर फांद्या घालून येतात, दिवसभर कुठे नाचगाणं नाही. मीही हेनिंगच्या कबरीवर जाऊन आले होते. तो फेब्रुवारीत गेला.

घरी आले, कोट काढला आणि त्याच्या सिंथेसायझरसमोर बसले.

बसणं भाग होतं. आठवडाभर सिंथ सुरू केला की त्याच्या पडद्यावर एकच इशारा येत होता... बॅटरी संपत आली.

हेनिंग रेडिओवरच्या नाटकांसाठी आवाज तयार करायचा. त्या जुन्या सिंथच्या पोटात त्याने केलेले चौसष्ट आवाज होते. 'ट्राम पन्नास'. 'जिन्यातला दिवा'. 'किटली, सकाळ'. एकाचं नाव 'कोवाल्केचा झाडू'. खालच्या मजल्यावरच्या कोवाल्केबाई आवाज झाला की झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या, त्यावरून.

हे सगळे आवाज नाण्याएवढ्या एका बॅटरीवर जगत होते. ती मेली की चौसष्टच्या चौसष्ट पुसले जाणार.

वीबके फोनवर होती. ती अशी यंत्रं दुरुस्त करते. हेनिंगची जुनी मैत्रीण, आता माझी.

"आधी सगळे आवाज संगणकात उतरवून घे," ती म्हणाली. "मग मी बुधवारी येऊन बॅटरी बदलते. दोन केबल आहेत ना? एक जाणारी, एक येणारी?"

"आहेत."

"उलट्या लावल्या नाहीस ना? तू चहाच्या किटलीचं झाकणसुद्धा उलटं लावतेस."

"ठेव फोन," मी म्हणाले. ती हसली. मीही. कितीतरी दिवसांनी.

आवाज उतरले. चौसष्ट. एकही गळला नाही.

"आता एक पट्टी दाबून बघ, जोडणी नीट आहे का."

मी हेडफोन लावला. 'किटली, सकाळ' निवडला. मधली एक पट्टी दाबली.

सूर आला.

आणि त्याच्या मागोमाग... पुन्हा तोच सूर. हलका.

"दोनदा वाजतंय गं."

"लोकल चालू राहिलंय! सगळे हीच चूक करतात. हेनिंगसुद्धा दर वेळी करायचा."

लोकल म्हणजे पट्ट्यांची स्वतःच्या आवाजाशी असलेली थेट वाट. ती बंद करावी लागते. मग पट्टीचा निरोप आधी संगणकाकडे जातो आणि संगणक सांगेल तेव्हाच सिंथ बोलतो. पूर्वी नवी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे, मधे कुणीतरी लागे, तसं. वाट बंद करायची राहिली तर एकच निरोप दोन वाटांनी पोचतो. सूर दोनदा.

मी लोकल बंद केलं. पडद्यावर 'बंद' असं दिसलं.

पट्टी दाबली.

सूर.

मग शांतता...

मग पुन्हा तोच सूर. आता आणखी मागे रेंगाळून.

"वीबके, बंद केलंय. तरी येतोय."

"मग तो संगणकाचा उशीर असेल. एक टिचकी पाठव आणि ती किती वेळाने परत येते ते मोज."

मी टिचकी पाठवली. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले अकरा. पुन्हा पाठवली. अकरा. दहा वेळा पाठवली. अकराच.

"हा तर कानाला कळणारसुद्धा नाही," वीबके म्हणाली. "तू म्हणतेस तो केवढा आहे?"

"आधी अर्धा सेकंद होता. आता जवळजवळ एक."



"यंत्र उशीर करतं," ती हळूच म्हणाली, "पण दर वेळी तेवढाच. कमीजास्त उशीर यंत्र करत नाही."

कोण करतं, ते तिने सांगितलं नाही.

संगणकावर आलेल्या प्रत्येक ठोक्याची खूण उमटत होती. कुठली पट्टी, किती जोराने. मी पाहिलं. माझे ठोके एकशे सत्तावीसपैकी नव्वदच्या आसपास. मी दणकन दाबते.

आणि माझ्या प्रत्येक ठोक्यामागे एक... बावीस. एकवीस. बावीस.

त्या खुणा येणाऱ्या केबलमधून आल्या होत्या. म्हणजे पट्टीवरून. कुणीतरी पट्टी दाबल्याशिवाय तिथून काही येत नाही.

मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पट्ट्यांकडे बघत राहिले.

एकही हलली नाही.

बाहेर अंधारून आलं होतं. चार वाजले असतील. आमच्या गावाकडे बायका एक ओवी म्हणायच्या, ती कुठून कोण जाणे ओठांवर आली...

दारी वाजलं पाऊल, मी म्हणे वारा गेला,
वारा गेला तरी बाई, उंबरा का ओला?

तेवढ्यात बेल वाजली.

दारात कोवाल्केबाई. पायात घरातल्या सपाता, हातात झाडू नव्हता.

"ब्रांडेसबाई, आज तरी! आजचा दिवस कुठला, माहीत आहे ना?"

"मी हेडफोन लावून बसलेय हो. आवाज कुठे आलाय?"

"आवाज नाही, बोटं! तुमच्या हेडफोनला काय करायचंय? पट्ट्यांची टकटक फरशीतून थेट माझ्या दिव्यापर्यंत येते. वीस वर्षं ऐकतेय."

"चुकलं. बंद करते."

त्या वळल्या. मग थांबून माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या.

"पाहुणे आलेत का कोणी?"

"नाही. का?"

"दोघं वाजवताय असं वाटलं. एक आपलं धाडधाड. आणि दुसरं..." त्यांनी हवेत बोट अलगद टेकवलं. "असं."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग माझा दंड एकदा दाबला आणि जिना उतरून गेल्या. त्या दिवसानंतर त्यांनी छत कधी ठोकलं नाही.

बुधवारी वीबके आली. हातात सोल्डरिंग आयर्न, खिशात नवी बॅटरी. मी तिला सिंथ उघडू दिला नाही.

"अगं, मेली ना ती, तर आतलं सगळं पुसलं जाईल!"

"पुसलं जाऊ दे. संगणकात आहेत ना चौसष्ट?"

"आहेत."

"मग?"

"मग बदलू का देत नाहीस?"

आवाज उतरवता येतात. पण पट्टी दाबल्यावर जो मागून येतो, तो चौसष्टांपैकी कुठल्या नंबरवर आहे? बॅटरी काढली आणि तोही तिच्याबरोबर गेला, तर कुठून परत पाठवू?

नवी बॅटरी ती टेबलावर ठेवून गेली. अजून तिथेच आहे.

तेव्हापासून दर रविवारी तीनला मी एकच पट्टी दाबते. एकदाच. आणि थांबते.

डिसेंबरात तो चार सेकंदांनी यायचा. नाताळानंतर मिनिटभराने. जानेवारीच्या शेवटी मी मोजलं, सतरा मिनिटं. जोरही उतरत चाललाय. अठरा... बारा... नऊ.

गेल्या रविवारी दोन तास दहा मिनिटं लागली. खूण उमटली, जोर फक्त तीन. कानाला काहीच ऐकू आलं नाही.

तो लांब जातोय की थकलाय? की तिकडून इकडे यायची वाटच वाढत चाललीय? मला माहीत नाही. खरं सांगायचं तर भीती त्याची वाटत नाही. भीती वाटते ती पट्टी दाबल्यानंतरच्या त्या शांततेची.

आज एक मार्च. तीनला पट्टी दाबली.

हे लिहितेय तेव्हा सात वाजून गेलेत.

वीबकेने जेवायला बोलावलंय. तिचे दोन फोन येऊन गेले. तिसरा आता वाजतोय...

मी हेडफोन काढलेला नाही.