विघ्नेशचं चुकलेलं उत्तर

"आम्लाचा पीएच बारा?"

आगाशीच्या बसमध्ये शेजारी बसलेला मुलगा माझ्या वहीत डोकावत होता. विरार स्टेशनपासून एक अक्षर बोलला नव्हता... आणि बोलला तर हे!

"तुम्हाला विचारलं का मी?" मी फणकारले.

"नाही. पण बारा म्हणजे साबणाच्याही वर. मग व्हिनेगरनं कपडेच धुवा."

मला हसू आलं नाही. केमिस्ट्रीत मी एकदा आपटले होते. या वेळी पेपर सुटला नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नव्हता. बाबांनी बजावलंच होतं, मग कॉलेज बंद, वाडीत सोनचाफा तोडायचा.

त्याचं नाव विघ्नेश. एम.एस्सी. होऊन नोकरी शोधत होता. उतरताना म्हणाला, "दुपारी वाचनालयात असतो मी. आलात तर शिकवीन."

गेले. आणि शिकवणं कसलं, छळ नुसता! आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण छळ तोच. सूत्र विचारलं की हा म्हणणार, "आधी सांग, भांड्यात आहे कोण कोण?"

"आम्ल."

"आणि?"

"पाणी."

"आणि?"

"माझा संताप!"

तो हसायचा... आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. त्या हसण्याचा मला राग यायचा. ते घरी भाकरी थापतानाही आठवायचं, याचा तर जास्तच.

गणितं मात्र सुटायला लागली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी एक गणित त्यानंच सोडवून दाखवलं. सारख्याच, ०.१ मोलर तीव्रतेचं ॲसेटिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, समान मापानं मिसळले. पीएच किती? त्यानं लिहिलं, ८.८७.

"चूक," मी म्हटलं.

"काय?"

"दोन्ही एकत्र ओतलं की माप दुप्पट होतं. तयार झालेल्या क्षाराची तीव्रता निम्मी करायला विसरलास. आठ पॉइंट सात दोन."

त्याचे कान लाल झाले. "लक्ष नव्हतं."

"उद्या माझा पेपर आणि तुझं लक्ष नव्हतं?"

"पुण्याला नोकरी लागलीय. सोमवारी जायचंय."

मी वही मिटली. तरी म्हटलं, "मग पेढे कुठेत?"

"नेत्रा, तुला कळत कसं नाही!" आता तोही वैतागला. "या बंद पंख्याखाली मी रोज काय आम्लांसाठी येऊन बसतो?"

"मग बोलायचं ना! मला एकेक पायरी लिहायला लावतोस आणि स्वतः..." मी पेन टेबलावर आपटलं.

"तू चिडून पेपर बुडवला असतास तर? म्हणून परीक्षेनंतर—"

"परीक्षा उद्या आहे, मूर्खा! आज कशाला सांगितलंस?"

"तूच चूक पकडलीस..."

मी पुस्तकं उचलली आणि तरातरा घरी आले. रात्रभर धड झोप नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर देऊन बाहेर पडले, तर तो फाटकाशी उभा, घामाघूम.

"कसा गेला?"

"सुटेन."

"आणि... काल मी बोललो ते?"

"उद्या घरी ये. शिकवणारा येतोय, एवढं बाबांना सांगितलंय. पुढचं तू सांग."

त्याचा चेहरा उतरला. "मी? तुझ्या बाबांना?"

"मग काय पुण्याहून फोनवर सांगणार आहेस?"

"दोघं मिळून सांगू," असं पुटपुटत त्यानं भर रस्त्यात माझा हात धरला. समोर ओळीनं उभे रिक्षावाले टकाटका बघत होते. काय हा माणूस... जागा तरी बघावी!

हात मात्र मी सोडवून घेतला नाही.