बेडकाच्या पोटातलं पाणी

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावशीच्या यजमानांच्या बाबतीत घडलंय हे, आणि त्या माणसाला थापा मारता येत नाहीत. ते लष्करी कारखान्यात फिटर होते, म्हणून आम्ही त्यांना फिटरकाका म्हणतो.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. जागा, त्याच कारखान्याची मागची शेड.

तिथे बेडूक उभा होता.

बेडूक म्हणजे हलका रणगाडा. विमानात मावणारा, पाण्यात पोहणारा. सरकारला त्याचं भारी कौतुक. पण हा बेडूक सरावात भर नदीत बुडाला होता. आतल्या तिघांसकट. झाकण गळतंय, हे काकांनी आधीच सांगितलं होतं. कारखान्याच्या साहेबांनी कानाआड केलं, आणि नंतर खापर मेलेल्यांवर फोडून मोकळे झाले.

गाळ काढला, रंग मारला. गाडी नव्यासारखी.

पण तळात रोज पाणी साचायचं...

कोरड्या शेडमध्ये, कोरड्या फरशीवर. आणि गार नाही. कोमट. बुळबुळीत. कुणीतरी चूळ भरून टाकावी तसं. पाणी उपसायच्या पंपाच्या जाळीत केस अडकायचे. काका ते उपसायचे आणि मग त्यांना डबा उघडवत नसे. हात घासून घासून सोलवटले, तरी बोटांचा वास जाईना.

त्या दुपारी साहेब आले. उद्या गाडी न्यायला विमान येतंय, आजच तलावात उतरवून बघा म्हणाले. पाणी कुठून येतं ते कळेपर्यंत माणूस आत बसवू नका, असं काकांनी हात जोडून सांगितलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

ड्रायव्हर म्हणजे काकांचाच जावई.

बेडूक मागे जाड तार बांधून पाण्यात शिरला. छान तरंगला. काका काठावर, कानाला वायरलेस.

आधी इंजिनाची घरघर.

मग... गुळण्यांचा आवाज.

एकाचा नाही.

मग जावई अगदी सावकाश बोलला, "बाबा, इथे आधीच बसलेत. मी कुठे बसू?"

काका हुकुमासाठी थांबले नाहीत. तार ओढायचं यंत्र चालू केलं, बेडूक बाहेर खेचला, झाकण उघडलं.

आत पाण्याचा टिपूस नव्हता. जावयाचे कपडे कोरडे. तोंड मात्र घट्ट मिटलेलं... आणि गाल फुगलेले.

काकांनी पाठीत थाप मारली. तोंडातून काळा चिखल पडला. मागोमाग केसांचा गुंता. काका बोटं घालून ओढत राहिले, तो संपेचना.

जावई वाचला. त्याने नोकरी सोडली. त्या दुपारबद्दल बायकोशीही बोलत नाही.

आणि साहेब? आत थेंब नाही, म्हणजे गाडी पास, असं म्हणून त्यांनी रंगाचा आणखी एक हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी विमानात चढवताना वैमानिक कुरकुरला, की गाडीचं वजन जास्त भरतंय. रंगाचं असेल, साहेब हसत म्हणाले.

काकांना तिथेच ओकारी झाली. त्या हसण्यामुळे.

साहेबांना पुढे बढती मिळाली. बेडूक कुठल्या तळावर गेला, ते काकांनी खूप विचारलं. कुणी सांगितलं नाही.

आता त्यात नवी पोरं बसत असतील. कुणाची, ते कळायला मार्ग नाही...