आवाजाचा रकाना

मीटरवालीने दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि फोन वाजला. धाकटा भाऊ होता. सकाळी नऊच्या आत तो कधी फोन करत नसे.

"ताई, अंडी मेली. उबवणीच्या मशीनमधली, वरच्या चारही खणांतली. आणि मालकीणबाई म्हणतायत, माझ्या वायरिंगने मेली."

"काय झालं नेमकं?"

"पंख्याची वायर सुटलेली सापडली. त्यांच्या जावईबापूंनी सकाळी पाहिलं. ताई, मी ती घट्ट बसवली होती गं. दोनदा ओढून पाहिली होती."

मीटरवालीने आत न जाताच शटर खाली ओढलं.

भाऊ फिटर. हात सोन्यासारखा, पण मुखदुर्बळ. कोणी चढ्या आवाजात बोललं की चूक नसतानाही मान खाली घालणारा. वर्षभर घरी बसून काढल्यावर त्याला हे काम मिळालं होतं, आणि मालकीणबाईंच्या शब्दावर आणखी चौघांनी त्याला बोलावलं होतं. त्या चौघांपैकी दोघांनी आज सकाळीच 'तूर्तास राहू दे' म्हणून कळवलं. आता हा डाग लागला, तर त्याला पंख्याचं बटणसुद्धा बदलायला कोणी दारात उभं करणार नव्हतं.

रिक्षात बसल्यावर तिच्या मनाला दुसराच किडा लागला. त्या मशीनवर लक्ष ठेवायचं मीटर तिनेच विकलेलं होतं.

महिन्यापूर्वी मालकीणबाई भावाला घेऊन दुकानात आल्या होत्या. भाऊ म्हणाला, साधं दे, व्होल्ट दाखवले म्हणजे झालं. तिने मात्र दुसरं मल्टीमीटर पुढे केलं. व्होल्ट तर दाखवतंच, शिवाय तारेचं टोक आत सोडलं की मशीनच्या पोटातलं तापमान, आणि वरच्या जाळीतून खोलीतला दमटपणा, उजेड आणि आवाज.

"आवाज कशाला?" भाऊ हसला होता. "अंड्यांना गाणी ऐकवायचीत?"

मालकीणबाईही हसल्या, पण बाई हिशेबी. घेतलंय तर सगळं वापरायचं, म्हणून त्यांनी वहीत चारही रकाने आखून घेतले होते.

मीटर खोटं बोललं असेल तर चूक तिची. मीटर खरं असेल तर चूक भावाची. कुठूनही पाहिलं तरी आग आपल्याच घराला. रिक्षावाल्याला तिने दोनदा सांगितलं, जरा दामटा हो.

मशीनची खोली आयताकृती, एका भिंतीला कपाटासारखं भलंमोठं उबवणीचं मशीन, समोर टेबल, टेबलावर वही, खिळ्याला मीटर. पंखा घुमत होता. इतका, की बोलायचं तर जवळ जावं लागत होतं. भाऊ दाराशी उभा होता. त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

खिडकीपाशी पोचताच मीटरवालीच्या पिशवीतला फोन टुणटुणला. एकदम सात निरोप.

"इथेच रेंज येते," मालकीणबाई म्हणाल्या. साठीच्या, ताठ, डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल. "बाकी सगळ्या आवारात फोन मेलेलाच असतो. आता सगळंच मेलंय म्हणा."

"खालच्या खणांतली?"

"ती जिवंत आहेत. दिव्यावर धरून पाहिली, हलतायत. उष्णता वर चढली ना. अठराव्या दिवशी पिल्लाच्या अंगाचीच ऊब एवढी असते, की पंखा थांबला तर वरची भाजून निघतात. तीन दिवस राहिले होते गं. आणि धोक्याची घंटा बिघडलेली. तुझा भाऊ सोमवारी नवी बसवणार होता."

जावईबापू बाजूलाच उभे होते. पस्तिशीचे, नीटनेटके, अतिशय मवाळ. मालकीणबाईंना मुलगा नव्हता, तीन वर्षांपासून सगळा कारभार तेच पाहत होते.

"नोंदी कोण घेतं?" मीटरवालीने विचारलं.

"मीच."

"दुसरं कोणी मीटरला हात लावतं?"

"छे. आईंचा तसा हुकूमच आहे. आठ, अकरा, दोन, पाच. एकही वेळ चुकलेली नाही."

"कालही?"

"कालही. बघा ना."

तिने वही ओढली. गुरुवारचं पान. सकाळी आठ: तापमान सदतीस पॉइंट सहा, दमटपणा सत्तावन्न, उजेड एकशे वीस, आवाज बासष्ट. अकरा: सदतीस पॉइंट सात, छप्पन्न, एकशे अठरा, एकसष्ट. दोन: सदतीस पॉइंट सहा, सत्तावन्न, एकशे बावीस, त्रेचाळीस. पाच: सदतीस पॉइंट सहा, सत्तावन्न, एकशे वीस, बासष्ट. अक्षर सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही.

"म्हणजे पाचपर्यंत सगळं ठीक," ती म्हणाली.

"एकदम ठीक. रात्रीच वायर निसटली असणार. सकाळी सहाला आलो तर पंखा बंद. मीच पटकन जोडली, खालची अंडी तरी वाचावीत म्हणून." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण नवं काम, होतं असं."

भावाने मान आणखी खाली घातली. मीटरवालीला त्याचा राग आला. बोल की रे काहीतरी, असं तिला ओरडावंसं वाटलं.

"दिवसा पंखा मध्ये कधी थांबला होता? साफसफाईला वगैरे?"

"एकदाही नाही. थांबला तर मला कळणार नाही का? एवढा घुमतो."

तिने पिशवीतून स्वतःचं तपासणीचं मीटर काढलं. दोन्ही तारांची टोकं एकाच भोकातून मशीनमध्ये सोडली आणि दोन्ही मीटरं टेबलावर शेजारी ठेवली.

"हातात धरून बघ की," मालकीणबाई म्हणाल्या. "लगेच दिसेल."

"लगेच दिसेल, पण माझ्या तळहाताचा दमटपणा दिसेल. दहा मिनिटं थांबू."

ती दहा मिनिटं कोणालाच बसवेना. मालकीणबाई खिडकी ते मशीन अशा येरझाऱ्या घालत होत्या. जावईबापू फोन काढत होते, ठेवत होते.

"हे काल दुपारीही असेच," मालकीणबाई उगाचच बोलत्या झाल्या, बोलल्याशिवाय चैन पडत नसल्यासारख्या. "दोनच्या नोंदीला निघाले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, अंडी तुम्हाला बघायला यायची आहेत की काय?"

जावईबापू हसले. त्या हसण्याला जरा उशीर झाला.

दोन्ही मीटरांचे आकडे जुळले. तापमान नेमकं तेच, दमटपणात एकाचा फरक. बॅटरीची खूणही लुकलुकत नव्हती. मीटर खरं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच आपला माल खोटा निघाला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"बोर्ड उघडून पाहते. दोन मिनिटं पंखा बंद करावा लागेल."

"दोनच," मालकीणबाई म्हणाल्या.

पंख्याचं वेगळं बटण भावानेच बोर्डावर दिलेलं होतं. तिने ते बंद केलं, मग बोर्डाचा मेन खाली पाडला. मीटर व्होल्टवर फिरवून तिने आधी शेजारच्या दुसऱ्या बोर्डाच्या चालू प्लगवर मीटरची खात्री केली, मग पंख्याच्या जोडावर टोकं टेकवली. शून्य. तेव्हाच तिने झाकण काढलं आणि वायर सोडवून पाहिली. तांबं नवंकोरं चमकत होतं. भोवतीचं प्लास्टिक पांढरंशुभ्र. तिने ते बोटाने पुसलं, बोटाला काही लागलं नाही.

वायर परत आवळताना तिच्या लक्षात आलं, की दाराशी उभ्या भावाचा श्वास तिला ऐकू येतोय. खोली अगदी चिडीचूप झाली होती.

तिने मीटर उचललं आणि त्याची चकती फिरवली. आकडा पाहिला, मेन वर केला, पंखा सुरू केला, पुन्हा आकडा पाहिला. दोन्ही आकडे तळहातावर पेनाने लिहून घेतले. मग खुर्ची ओढून बसली.

"बाई, वायर रात्री निसटली नाही," ती म्हणाली. "सकाळी सोडवली."

"काय बोलतेस?"

"चालू पंख्याची वायर आपोआप ढिली पडली, तर निसटण्याआधी तडतडते. ठिणग्या उडतात, तांबं काळं पडतं, प्लास्टिक वितळतं. इथे काजळीचा ठिपका नाही. वीज बंद करून, निवांतपणे पेचकस लावून सोडवलेली वायर आहे ही."

जावईबापू म्हणाले, "मग तुमच्या भावानेच मुळात..."

"तो आठवडाभर इथे फिरकलेला नाही, आणि तेवढे दिवस पंखा चालत होता. शिवाय अंडी रात्री मेलीच नाहीत. ती काल दुपारी मेली. तुमच्याच वहीत लिहिलंय."

तिने वही मालकीणबाईंपुढे सरकवली आणि शेजारी आपला तळहात उघडला.

"पंखा चालू असताना या खोलीत आवाज बासष्ट. बंद केला की त्रेचाळीस. आता कालचे दोन वाजता काय लिहिलंय ते वाचा."

मालकीणबाईंनी चष्मा वर सरकवला. बोट रकान्यावरून खाली आलं आणि थांबलं.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या.

"पंखा नुकताच बंद केलेला, म्हणून तापमान अजून चढलं नव्हतं. दोनचे आकडे खरे आहेत, समोर दिसले तसे उतरवलेत. त्या रकान्याकडे कोणी बघतच नाही, मग लपवायचं कशाला सुचेल? खोटी आहे ती पाचची ओळ. सकाळी आठची जशीच्या तशी उचललीय, चारही आकडे. इतर कुठल्याही दोन ओळी अशा जुळत नाहीत."

"पण पंखा बंद कशाला करतील?" मालकीणबाईंचा आवाज बारीक झाला होता. "तीन वर्षं पोटच्या पोरासारखे..."

"शांतता हवी होती म्हणून. रेंज फक्त या खिडकीपाशी. पंखा घुमत असताना इथे फोनवर बोलता येत नाही. आणि नुसत्या बोलण्यासाठी कोणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही, समोरचा बघणार असेल तर घालतो." ती जावयाकडे वळली. "नोकरीची मुलाखत होती ना?"

जावईबापूंनी टेबलाची कड धरली.

"पाऊण तास चालली," ते म्हणाले. "निवड झाली. मला इतकं... मी धावत हिला सांगायला गेलो. पंखा डोक्यातूनच गेला. पाचला आलो तर खोली चिडीचूप, आणि मशीन भट्टीसारखं. पंखा लावला, आकडे लिहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे वाटलं, वायर सुटलेली दिसली तर..."

"तर फिटर मरेल," मीटरवाली म्हणाली. "विसरलात ते एक वेळ माणूस म्हणून ठीक. पण पहाटे पेचकस हातात घेतलात, तो विसरून नाही घेतलात. त्याची वर्षभराची उपासमार बघितलीय मी."

ती हे मोठ्याने बोलली, पंख्याच्या वर आवाज चढवून, आणि बोलताना तिचे डोळे भरून आले. दाराशी भावाने पहिल्यांदाच मान वर केली.

मालकीणबाई मात्र अजून वहीच पाहत होत्या.

"लांब आहे नोकरी?"

"दोन दिवसांचा प्रवास."

"पोरीला माहीत होतं?"

जावईबापूंनी मान हलवून हो म्हटलं.

"मला विचारलं असतंत तर रडले असते," मालकीणबाई म्हणाल्या. "नाही म्हटलं नसतं. शर्टाला इस्त्रीसुद्धा मीच करून दिली असती." त्यांनी वही मिटली. "जा तुम्ही. घरात जा. पोरीला सांगा, मी येते थोड्या वेळाने."

ते गेले. दारात भावापाशी ते थबकले, काहीतरी पुटपुटले, पण भावाला ते ऐकू आलं नाही.

मालकीणबाई खिडकीपाशी गेल्या. फोन काढला, एक नंबर लावला, आणि आवाज नको म्हणून नकळत दुसरा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. बोट बटणावर टेकलं. मशीनच्या खालच्या खणांत अजून आठशे अंडी जिवंत होती.

त्यांनी हात मागे घेतला, एका कानात बोट घातलं आणि घसा ताणून बोलायला लागल्या.

"मी बोलतेय. हो, पंख्याचा आवाज आहे, राहू दे. सकाळी फिटरबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं ना, ते चुकीचं होतं. चुकीचं, चुकीचं! ऐकू आलं का? नसेल तर परत सांगते."

असे चार फोन त्यांनी केले. चौथा होईपर्यंत त्यांचा घसा पार बसला होता, आणि भाऊ दारातून आत येऊन त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या धरून उभा होता.