पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या

"तिकीट… समोरची रांग हाये. पाह्यजे का?"

कानाशी कोणीतरी पुटपुटलं आणि मी एवढी दचकले, की छत्रीची काडी त्याच्या डोळ्यात जाता जाता राहिली.

दिवाळी होऊन गेली होती आणि नको तेव्हा पाऊस आला होता. भुरभुर, चिडका, थांबायचं नाव न घेणारा. तिकडे शिवारात वेचणीला आलेला कापूस भिजत असणार, आणि इकडे वर्ध्यात नाट्यगृहाच्या फाटकाशी मी भिजत होते. सलग दोन पाळ्या करून आलेली, दवाखान्याचा वास केसांत घेऊन. हातात दोन तिकिटं. दुसरं काजलचं होतं. काजल माझ्याच वॉर्डातली नर्स. ऐनवेळी तिचा मेसेज आला… बदली बाई आलीच नाही, तू जा, माझं तिकीट विकून टाक.

"मले घ्यायचं नाई," मी म्हटलं. "मले विकायचं आहे."

तो हसला. राखाडी स्वेटर, ओले केस, आणि डोळ्यांखाली काळं. आमच्याकडे रात्रपाळी संपवून निघालेल्यांचे असतात ना, तसे डोळे.

"अर्ध्या भावात घेतो."

"अर्ध्या? काऊन? छापील किंमत आहे ना त्यावर!"

"छापील किंमत खिडकीवर, मॅडम. फाटकापाशी आभाळाचा भाव चालते. पाणी आलं का लोक घरून निघत नाईत."

"मंग मीच विकते."

"विका जी… विका. मले बी पाहू द्या."

मी दोन पावलं पुढे गेले, तिकीट वर धरलं आणि… आवाजच फुटेना. इंजेक्शनला घाबरून पळणाऱ्या माणसाला मी वॉर्डच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारते, पण "तिकीट घ्या" हे दोन शब्द घशातच अडकले. एक जोडपं जवळून गेलं. नवरा बायकोला म्हणाला, "ब्लॅकवाली दिसते." मी लाजेनं विझून गेले. तेवढ्यात छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता माझ्याकडे तरातरा आला.

"ओ मॅडम! ब्लॅक करून राह्यल्या का? चला ऑफिसात."

"नाही हो, माझी मैत्रीण…"

"अरे भाऊ, माह्यासाठी थांबल्या त्या," राखाडी स्वेटर मध्येच बोलला. त्यानं माझ्या हातातलं तिकीट अलगद काढून घेतलं. "मलेच उशीर झाला. चाला जी, घंटा झाली."

कार्यकर्ता आमच्याकडे बघतच उभा होता. त्यामुळे त्या माणसाला खरोखरच माझ्यासोबत आत यावं लागलं. खिशात न विकलेली तिकिटं घेऊन.

खुर्चीवर बसल्यावर तो आधी छताकडे पाहत राहिला, मग पडद्याकडे.

"इतके वर्ष फाटकावर उभा राह्यलो," तो हळूच म्हणाला, "पण आत पह्यल्यांदाच आलो."

"आणि खिशातली तिकिटं?"

"त्याचे आता कागद झाले."

मला वाईट वाटलं. निदान थोडं तरी वाटायला हवं होतं. पण दिवे मंदावले, खुर्ची मऊ होती, आणि त्यानंतरचं मला काहीच आठवत नाही. जाग आली ती टाळ्यांनी. मध्यंतर झालं होतं आणि माझं डोकं एका ओलसर लोकरीच्या खांद्यावर होतं.

"अगबाई…" मी ताडकन सरळ झाले. "उठवायचं ना!"

"कशाले? एवढी शांत झोप मी दुकानातल्या पुतळ्याची बी नाई पाह्यली."

"नाटक कसं होतं?"

"अर्धं समजलं," खांदा चोळत तो म्हणाला. "हाताले मुंग्या आल्या ना, मंग ध्यान तिकडंच."

मी हसले. किती महिन्यांनी, कोण जाणे.

त्याचं नाव निकेश. चहा पिता पिता त्यानं आपण होऊनच सगळं सांगितलं, काही न सजवता. घर हिंगणीला, वडिलांचं तिथलं किराणा दुकान बसलेलं. तो चुलत्याच्या कापडाच्या दुकानात काम करायचा. सकाळपासून थान उलगडायचं, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा गुंडाळायचं. आणि मुंबईचं गाजलेलं नाटक आलं की मोबाईलवर चांगल्या जागा आधीच धरून ठेवायच्या आणि फाटकावर दुपटीनं विकायच्या.

"दुकानातलं सारं चुलत्याचं," तो म्हणाला. "एवढं एकच माह्यं हाये."

त्यानंतर तो दवाखान्यासमोरच्या टपरीवर दिसू लागला. पहिल्या वेळी म्हणाला, "इकडून जाऊन राह्यलो होतो." दुसऱ्या वेळीही तेच म्हणाला. तिसऱ्या वेळी मीच विचारलं, "कापडाचं दुकान इकडं आणलं का?"

"दुकान तिकडंच हाये," कपातल्या चहाकडे बघत तो म्हणाला. "मन लागत नाई तिथं."

लोक प्रेमात फार बोलतात म्हणे. आमच्यात तेवढा जीवच उरलेला नसायचा. तो दिवसभर उभा, मी दिवसभर धावती. टपरीच्या बाकावर बसायचं, गरम कप दोन्ही हातांत धरायचा आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघायच्या. कधी तो न बोलता त्याचा मफलर माझ्याकडे सरकवायचा. कधी मी त्याच्या बोटांवरच्या कात्रीच्या घट्ट्यांना मलम लावून द्यायची, आणि लावून झाल्यावरही हात लगेच सोडायची नाही… त्याला मी तेव्हा प्रेम म्हणत नव्हते. मी त्याला चहा म्हणत होते.

एकदा मात्र विचारलंच. "हे तिकिटांचं बंद काऊन नाई करत तुम्ही?"

"मी नाई केलं तं दुसरा करन. ज्याले पाह्यचं थो पैसे देते, नाई त्याले थो घरी जाते. मी कोणाची मान धरली का?"

उत्तर होतं माझ्याकडे, पण मी दमले होते. चहा संपवला आणि ड्यूटीवर गेले.

ते उत्तर नंतर माझ्या आईनं दिलं, तिच्याही नकळत.

माझी आई मंदाबाई. नालवाडीत आम्ही दोघीच. आयुष्यभर अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांना गाणी शिकवली आणि आता तिचेच कान गेले. यंत्र लावलं की गर्दीत नुसती शिट्टी वाजते. समोर बसून ओठ दिसले, तरच तिला समजतं. जानेवारीत एक नाटक येणार होतं, त्यातली मोठी नटी आईची लाडकी. बाई आता सत्तरीच्या पुढच्या. दौरा शेवटचा, असं त्यांनीच जाहीर केलेलं.

"पह्यल्या रांगेत बसव मले," आई लाजत म्हणाली. आई कधी काही मागत नाही.

बुकिंग उघडलं तेव्हा मी मोबाईल हातात धरूनच बसले होते. पहिली रांग दिसली, आणि बोट लावेपर्यंत करडी झाली, म्हणजे विकली गेली. दुसरीही झाली. कोणाच्या बोटानं झाली, ते मला ठाऊक होतं. एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीवर रांगेत उभी राहिले आणि उरलेली, शेवटच्या रांगेतली दोन तिकिटं आणली.

प्रयोगाला आई ठेवणीतली साडी नेसली. यंत्राची शिट्टी वाजायला लागली तसं तिनं ते काढून पर्समध्ये ठेवलं.

"ऐकू येतं का?" मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"येते, येते!"

पडदा उघडला. एवढ्या लांबून त्या नटीचा चेहरा म्हणजे एक उजळ ठिपका. सभागृह हसलं. आईनं आजूबाजूला पाहिलं आणि मग तीही हसली. पुन्हा सगळे हसले, आणि मागून आई. दरवेळी एक श्वास उशिरा. मला ते बघवेना. मान वळवली, तर पहिल्या रांगेकडे नजर गेली. मधल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. स्टेजवरचा उजेड त्यांच्या लाल गाद्यांवर पसरला होता.

मध्यंतरात मी बाहेर गेले. निकेश फाटकाशी भिंतीला टेकून उभा होता, तिकिटं अजून हातातच. मला पाहून त्याचा चेहरा खुलला.

"तुम्ही? इथं कशा?"

"आईला घेऊन आली. मागं बसलो आम्ही. एकदम मागं." मला रागवायचं होतं, पण तेवढं बळ नव्हतं. "तिले समोर बसल्याशिवाय ऐकू येत नाई. लोक हसले का हसून राह्यली बिचारी… आणि समोरच्या खुर्च्या खाली आहेत, निकेश."

त्याचा चेहरा उतरला. "मले काऊन नाई सांगतलं? तुमच्या आईले मी फोकट दिलं असतं!"

"म्हणूनच नाई सांगितलं."

तो काहीतरी म्हणणार होता. मी थांबले नाही.

शेवटची घंटा झाली, दिवे विझायला लागले, आणि मागच्या दारातून तो आत आला. सरळ आमच्या रांगेत. आईपुढे वाकून, एकेक शब्द ओठांनी नीट उच्चारत म्हणाला, "काकू… समोर चाला. जागा हाये तुमची."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं तिला हाताला धरून अंधारात पायऱ्या उतरवल्या. मग परत आला. काठीवाले एक आजोबा, त्यांची बायको, चष्मा पुसून पुसून कंटाळलेल्या एक आत्याबाई, सगळ्यांना एकेक करून पुढे नेलं. बिल्लेवाला कार्यकर्ता आडवा आला, तेव्हा निकेशनं तिकिटांचा अख्खा गठ्ठा त्याच्या हातात दिला. "पैसे भरलेले हायेत, भाऊ. बसू द्या."

त्या अंकात सभागृह पुन्हा हसलं. पण सगळ्यांच्या आधी एक हसू पहिल्या रांगेतून आलं होतं. ते मी कुठूनही ओळखलं असतं.

निकेश भिंतीशी उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं, तर रडले असते.

"थो पोरगा कोण होता गं?" घरी जाताना रिक्षात आईनं विचारलं.

"ओळखीचा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी टपरीवर गेले नाही. राग नव्हता. त्यानं एका अंकापुरतं चांगलं केलं, म्हणून सगळं विसरायचं का… आणि नाही विसरायचं, तर या रिकाम्या संध्याकाळी कुठे ठेवायच्या? त्याचे फोन आले, मी उचलले नाहीत. मग आलेही नाहीत. तेवढ्यात माझ्या कंत्राटाचा नवा कागद आला, आणि नेमणूक निघाली वर्ध्याहून लांब, तळेगाव श्यामजीपंतला. आईला मावशीजवळ ठेवलं आणि मी तिथे एक खोली घेतली.

तळेगावला त्या दिवसांत संत्र्याच्या बागा फुलल्या होत्या. दवाखान्याच्या खिडकीतून वास यायचा… गोड, जड, डोळे मिटायला लावणारा. कोणाला तरी सांगावंसं वाटायचं, की बघ, कसा वास आहे. सांगायला कोणी नसायचं. मी पुढच्या पेशंटला हाक मारायची.

अशीच एका बाजाराच्या दिवशी, दुपारी, हाक मारली. "पुढे या." वर न बघताच विचारलं, "काय होते?"

"थकवा."

माझा पेन थांबला.

"कधीपासून?" मी मान खालीच ठेवून विचारलं.

"तुम्ही चहाले येणं सोडलं तवापासून."

मागच्या बाकावरच्या दोन बाया एकमेकींना कोपर मारून हसल्या. माझे कान तापले. "बाहेर बसा," मी जमेल तेवढ्या करड्या आवाजात म्हटलं. "रांग संपू द्या."

तो बसला. रांग संपेपर्यंत, लिंबाखालच्या ओट्यावर, तोच राखाडी स्वेटर मांडीवर घेऊन. ऊन चांगलंच तापलं होतं. आम्ही बसस्टँडकडे चालत निघालो. पत्ता त्याला काजलनं दिला होता.

"सोडलं मी," तो शेवटी म्हणाला. "नाटक आलतं मंधात. लय गर्दीचं. नाई गेलो."

"माझ्यासाठी सोडलं असेल, तर उद्या पुन्हा धराल."

"तुमच्यासाठी नाई." तो थांबला. "तुमच्या आई हसल्या ना… सगळ्याइच्या आधी. मी भिंतीपाशी उभा होतो. वाटलं, हे मी अडवून धरलं होतं. खिशात. खुर्ची नाई, हे हसू." मग ओशाळून म्हणाला, "आता रविवार खाली असते माहा. खाली रविवाराचं माणूस काय करते, मले समजतच नाई."

स्टँडवर वर्ध्याची गाडी लागलेली होती. लोक चढत होते. तो पायरीपाशी गेला, परत वळला.

"गुंजन… मले मोठं काही बोलता येत नाई. थकलो आहे मी. पण थकून जिथं जावं वाटते ना, थे एकच ठिकाण हाये, आणि थे… थे तुम्ही…"

कंडक्टरनं घंटी मारली. वाक्य तिथेच राहिलं.

मी त्याच्याकडे बघितलं. दोन जिल्हे पालथे घातल्यासारखा दिसत होता, आणि घाबरलेला. दुपारच्या वाऱ्यावर बागांचा वास आला.

"मी बी थकली," स्टँडच्या बाकावर बसत मी म्हटलं. "लय थकली. ये… बस माह्याजवळ."

तो बघतच राहिला. मी त्याला 'ये' म्हटलं होतं, 'या' नाही, हे त्याला उशिरा कळलं. कळलं तेव्हा कानापर्यंत हसला. गाडी त्याच्या पाठीमागून धूळ उडवत निघून गेली.

बाकावर माझ्या शेजारी बसत, श्वास सावरत त्यानं विचारलं, "आता दुसरी गाडी कधी हाये?"

"मालूम नाई," मी म्हटलं.

मालूम होतं.