रिकाम्या सीटचा पट्टा

पोरीला गाडीतल्या पट्ट्याचं लाल बटण दाबता येतं, एवढ्या एका घोरापायी सहलीच्या आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती म्हणजे काकांच्या जिवलग मित्राची सून. जेवणं उरकल्यावर गच्चीवरचा दिवा मालवून काका भाच्या-पुतण्यांना हे सांगत होते, कारण पोरं दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी घेऊन हिंडायला निघणार होती. मित्राने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आहे, म्हणाले, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

तर ते तिघं होते. ती, नवरा आणि चार वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी म्हणून टिकायची नाही, त्यामुळे घरात तिचं नाव भिंगरी. जुनं तटबंदीचं शहर बघायचं, मग भोवतालच्या टेकड्या आणि खेडी, असा बेत. भाड्याने गाडी देणाऱ्या गाडीवाल्याकडे लहान मुलाला गाडीत बसवायची खुर्ची शिल्लक नव्हती. ती म्हणाली, मग गाडी उद्या नेऊ. नवरा म्हणाला, आपण काय खुर्चीत बसून लहानाचे मोठे झालो? आणि गाडीवाल्याकडे बघून हसला. "हिनं काळजीचं दुकान टाकलंय. गिऱ्हाईक मी एकटाच."

गाडीवालाही हसला. ती हसली नाही. आपणच जरा अति करतो का, हा नेहमीचा किडा मात्र डोक्यात वळवळायला लागला.

दिवस तसा बरा गेला. दगडी वेशी, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या, बुरुजावरून दिसणारी कौलं. दुपारी ते शेतांमधून, तळ्याकाठून हिंडले. उजेडी परतू, असं ती सांगत राहिली. नवऱ्याने मुद्दाम जुना घाटरस्ता धरला. नवा काय, कुणीही बघतं.

रविवारची रात्र. साडेआठचा सुमार, चंद्र अजून उगवायचा होता. एका वळणावरून लांबवर शहराचे दिवे दिसले. तिथे एक पडका बसथांबा होता. नवा रस्ता झाल्यापासून बस या वाटेला फिरकत नसावी, बाकाच्या फटीतून झुडूप वर आलेलं. नवऱ्याने आपल्या मागच्या सीटवरचा कॅमेरा उचलला आणि मागचं दार सताड उघडं टाकून कठड्याशी गेला.

दार लाव, ती म्हणाली. आलोच, तो म्हणाला. आणि चांगला बराच वेळ आला नाही.

मग आला, दार लावलं, आणि गाडी निघाली तशी टुंग टुंग वाजायला लागली. समोर लाल खूण उमटली. चालकाच्या पाठीमागे कुणीतरी पट्टा न लावता बसलंय. तिने वळून पाहिलं. भिंगरीचा पट्टा जागच्या जागी. पलीकडची सीट रिकामी. तिच्यावर साधी पिशवीसुद्धा नव्हती.

या भाड्याच्या गाड्या अशाच, असं पुटपुटत नवरा उतरला. मागचं दार उघडलं, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला, खटकन अडकवला, दार आपटलं. आवाज बंद.

काका इथे थांबले. तुम्हीही हेच केलं असतं, म्हणाले. सगळेच करतात. का वाजतंय ते बघायचं नाही, वाजणाऱ्याचं तोंड तेवढं बंद करायचं.

थोडं अंतर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, भिंगरी गप्प आहे. पोर दाराला चिकटली होती. पाय पोटाशी. आणि तो पट्टा... रिकाम्या सीटवर पट्टा सपाट पडतो. हा फुगला होता. कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा. मध्येच ताणला जायचा. सैल व्हायचा. पुन्हा ताण.

"गाडी थांबव."

"आता काय?"

"मागे बघ. थांबव आधी."

"तुझं परत सुरू नको करूस हं." त्याने वेग वाढवला.

सकाळपासून गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं. भीती होतीच. पण रागाने तिला कोपराने बाजूला सारलं. रस्ता सरळ लागला तसा तिने दोन्ही हातांनी हातब्रेक ओढला. गाडी घसरली. तिरकी झाली. थांबली.

इंजिन बंद. मागे पट्टा हिसके देत होता...

नवऱ्याने आरशात पाहिलं.

ती उतरली. वळसा घालून गेली. दार उघडलं. आत हात घातला. बटण थंड. दाबलं.

कुणीतरी तिला धक्का देऊन बाहेर पडलं. रागाने. पावलं मात्र वाजली नाहीत...

भिंगरीला मांडीवर घेऊन ती मागेच बसली. नवऱ्याने आरसा छताकडे वळवला आणि शहरापर्यंत गाडी हळू नेली.

सकाळी गाडी परत देताना गाडीवाल्याला तो पट्टा बाहेर लोंबताना दिसला. आत जाईना. त्याने ओढलं, झटके दिले, शिव्या घातल्या. थोराड अंगाच्या कुणाच्याही पोटाला पुरेल एवढा पट्टा बाहेर राहिला तो राहिलाच. तुमच्या मागे कोण बसलं होतं, त्याने विचारलं. कुणी नाही, नवरा म्हणाला.

भिंगरीने आईचा पदर ओढला.

"आई, माझ्या बाजूला बसलेली ती बाई पण सारखी थांबवा, थांबवा म्हणत होती. बाबांना तिचं पण ऐकू नाही आलं."